नगरकेंद्र आणि घरचीच माणसं

खैरटोला, ता. साकोली, जि. भंडारा
४ फेब्रुवारी

श्यालकश्रेष्ठ, कारखानाभूषण श्री. धनंजयराव गहाणे यांच्या सेवेशी,

तुम्ही माझ्याहून आठ वर्षांनी ज्येष्ठ, सबब मी तुम्हांस नमस्कार करणे प्राप्त आहे. परंतु मी तुमच्या घरचा जावई, सबब रूढीप्रमाणे तुम्ही माझ्या पायांना हात लावणे प्राप्त आहे. गेली सव्वीस वर्षे प्रत्येक भेटीत आपण दोघेही एकाच क्षणी वाकतो आणि आपली मस्तके परस्परांवर आदळतात. पत्रात ही आपत्ती संभवत नाही, म्हणून दोन्ही नमस्कार यथाविधी पार पडले असे मानून पुढे जातो. तुमचा डावा गुडघा कसा आहे? जवाहरनगरच्या क्वार्टरात पाणी दोन्ही वेळा येते ना? कुंतावहिनींचा खोकला ओसरला, की त्या अजूनही औषध घेतल्याचे केवळ तोंडी सांगतात? इकडे तुमची बहीण रीता कुशल आहे. मी कुशल आहे. माझ्या भिंतीला लागून असलेला तुमचा भूखंडही कुशल आहे. तो होता तेथेच आहे, त्याचे क्षेत्रफळ तितकेच आहे आणि त्याच्या चारही कोपऱ्यांतील दगड आपापल्या जागी विराजमान आहेत. (भूखंडाचे क्षेम एवढ्या तपशिलाने का कळविले जात आहे, असा प्रश्न तुमच्या मनात उद्भवला असल्यास तो तूर्त बाजूला ठेवावा.)

फोन न करता पत्र का, हेही तुम्ही विचाराल. फोनवर समोरच्या माणसाला मध्येच "काय झालं ते सांगा" असे म्हणता येते. पत्रात ती सोय नसते, आणि मला आज नेमकी त्या गैरसोयीची नितांत आवश्यकता आहे. मेअखेर तुम्ही निवृत्त होणार, क्वार्टर रिकामे करणार आणि या भूखंडावर दोन खोल्या बांधून आमचे शेजारी होणार, या आशेवर तुमची बहीण नऊ वर्षे मला त्या जागेत साधी वांगी लावू देत नाही. त्या भूखंडासंबंधी एक किंचित, म्हणजे नखाच्या टोकाएवढी, अडचण उत्पन्न झाली आहे. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी थोडे मागून यावे लागेल.

गेल्या भाद्रपदातील ग्रामसभेत आमचे सरपंच भय्याजी यांनी उभे राहून घोषणा केली की गाव वाढून राहिलं आहे. पुरावा म्हणून त्यांनी सांगितले की पूर्वी एस.टी.चा कंडक्टर प्रत्येक प्रवाशाला नावाने ओळखायचा, आता निम्म्यांना तिकीट मागतो; शिवाय गावात तीन ब्युटी पार्लर आणि एक दंतवैद्य आला आहे, आणि दात दुखणारी माणसे पुरेशी असल्याखेरीज दंतवैद्य येत नाही. अशा वाढत्या लोकसंख्येला नगरकेंद्र हवे, त्याचा शास्त्रशुद्ध आराखडा हवा, आणि आराखड्यासाठी समिती हवी. समितीचा सदस्य-सचिव म्हणून माझी निवड एकमताने झाली. (मी शाळेत संस्कृत शिकवतो. "नगरकेंद्र" हा शब्द न अडखळता लिहिणारा दुसरा इसम सभेत नव्हता.) पहिल्या बैठकीत केंद्र कोठे असावे यावर पाच सदस्यांनी पाच ठिकाणे सिद्ध केली, आणि प्रत्येक ठिकाण योगायोगाने त्या त्या सदस्याच्या दारासमोर निघाले. वर्तुळाला केंद्र एकच असते, हे मी फळ्यावर काढून दाखवले. त्यावर भय्याजी म्हणाले, "पण गाव गोल आहे हे तुमाले कोणं सांगितलं, मास्तर?" मी वर्तुळ पुसून टाकले. अखेर सध्याचा चौकच मुक्रर झाला. तो तुम्ही जाणताच: एक कडुनिंब, एस.टी.चा थांबा, गोदावरीबाईची चहाची टपरी, आणि तिच्यापुढचा तो लाकडी बाक, ज्यावर गावाचे न्यायालय, हवामान खाते आणि वधूवर सूचक मंडळ दाटीवाटीने बसून काम करतात. तुमचा भूखंड या चौकापासून साठ पावलांवर आहे. हे अंतर आजवर आपण वरदान समजत होतो.

आश्विनात नागपूरच्या एका सल्लागार संस्थेतर्फे रेणू मॅडम आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, पायांत बूट, वाणी मृदू आणि प्रश्न अचूक. त्यांना घरोघरी जाऊन माणसे मोजायची होती आणि चौकातली वाहने मोजायची होती. त्यांनी समितीला फक्त एवढेच विचारले की माणसे हमखास घरी सापडतील असा एक दिवस सांगा. आता धानाच्या कापणीच्या ऐन हंगामात खैरटोल्याचा मनुष्य घरी सापडणे म्हणजे तो एक तर आजारी असणे किंवा रुसलेला असणे. कोणी रविवार सुचवला, कोणी बाजाराचा वार. मी मात्र चष्मा पुसून, आवाज एक पट्टी खाली आणून सांगितले की वर्षात एकच दिवस असा असतो ज्या दिवशी कोणीही शेताकडे फिरकत नाही, आणि तो म्हणजे मंडईचा दिवस. समितीने बाके वाजवली. माझ्या बुद्धीचा असा जाहीर गौरव त्यापूर्वी कधी झाला नव्हता, आणि यापुढे होण्याची चिन्हे नाहीत.

दिवाळीनंतरची मंडई म्हणजे काय, हे तुम्हांस सांगणे म्हणजे वैनगंगेला पाणी दाखवणे होय. तरीही लिहितो, कारण रेणू मॅडमना ते कोणीच सांगितले नाही, आणि मीही नाही. ज्या दिवशी चौकात दंडार नाचते, आकाशपाळणे लागतात, संध्याकाळी नाटकाचा पडदा उभा राहतो, ज्या दिवशी लेकी, जावई, साळे, व्याही आणि व्याह्यांचे व्याही गाड्या भरभरून येतात आणि दोन खोल्यांच्या घरात वीस पानं उठतात, त्या दिवशी आम्ही लोकसंख्या मोजली. आम्हाला त्यात काही वावगे दिसले नाही. खैरटोल्याच्या माणसाला विचाराल तर गाव खऱ्या अर्थाने पूर्ण असते ते त्याच दिवशी. उरलेले वर्षभर त्यातली माणसे बाहेरगावी गेलेली असतात, इतकेच.

आमच्या घरी मॅडम स्वतः आल्या तो प्रसंग तुमच्यासमोरच घडला. तुम्ही ओसरीवरच्या खाटेवर पाय पसरून चकल्या खात होता, म्हणून कदाचित तुमचे लक्ष नसेल. लेकीचे लग्न झाल्यापासून या घरात आम्ही दोघेच राहतो, हे शाळेच्या घंटेलाही ठाऊक आहे. मॅडमनी विचारले, "तुमच्या कुटुंबात माणसं किती?" रीताने तुमच्याकडे पाहिले, कुंतावहिनींकडे पाहिले, साकोलीच्या चुलतभावांकडे, त्यांच्या लेकरांकडे आणि माझ्या व्याह्यांकडे पाहिले, आणि म्हणाली, "एकोणीस."

"सगळे इथेच राहतात?"

"मंग का रस्त्यावरून धरून आणले?" रीता म्हणाली. "बसा, चहा घ्या. तुमालेही धरा, वीस झाले."

मॅडमनी चहा घेतला. त्यांनी एकोणीस लिहिले की वीस, हे मला अद्याप कळलेले नाही. परंतु रीताने जे केले तेच गावातल्या प्रत्येक गृहिणीने केले, आणि तिच्या जागी कोणीही तेच केले असते. जावई ओसरीवर बसून ऐकत असताना "हा आमच्या घरचा नाही" असे परक्या बाईसमोर सांगण्याची छाती कोणाची आहे? गोदावरीबाईच्या दीड खोलीत तेवीस माणसे निघाली. तिने तेवीस सांगितली आणि वर "सगळे घरचेच" हे शब्द दोनदा लिहून घ्यायला लावले. इकडे चौकात मॅडमचे सहायक वाहने मोजत होते. त्यांनी तासाला एकोणीसशे दुचाकी मोजल्या. आकाशपाळण्याचे भाग आणणारा ट्रक त्यांनी अवजड औद्योगिक वाहतुकीत धरला.

महिनाभराने मॅडमचा फोन आला. आवाजात शंका होती. सहा हजारांच्या गावात सत्तावीस हजार चारशे माणसे भरत होती. "सर, एवढे लोक खरंच राहतात का हो?" असे त्यांनी विचारले, तेव्हा एखाद्या शहाण्या माणसाने क्षणभर थांबून विचार केला असता. मी मात्र तो प्रश्न गावाच्या सच्चेपणावरचा आक्षेप समजलो. (सचिवपदाचा बिल्ला लावल्यापासून माझी मान थोडी ताठ झाली होती.) मी त्याच दिवशी समितीच्या शिक्क्यानिशी पानभर प्रमाणपत्र धाडले की सदर आकडे सत्य, सुनिश्चित व निःसंशय आहेत. "निःसंशय"च्या खाली मी रेघही ओढली. हे प्रमाणपत्र हल्ली आराखड्याच्या पहिल्या पानावर आहे.

आराखडा पौषात लागला. पंचायतीच्या पूर्ण भिंतीएवढा नकाशा, आणि त्यात सात रंग. मागच्या शिरगणतीशी तुलना करता वाढीचा वेग असा काही निघाला की पंचवीस वर्षांनी खैरटोला एक लाख चाळीस हजारांवर जाणार. त्या भावी जनसागरासाठी चौकात चार मजली वाहनतळ, पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग, आठ फलाटांचे बसस्थानक (सध्या बस दोनदा येते, त्यातली एक परत जाण्यासाठी) आणि तीन हजार खुर्च्यांचे नाट्यगृह. भय्याजी नकाशासमोरून हलेनात. मॅडमनी गोदावरीबाईला समजावून सांगितले की तिला विक्रेता संकुलात दुसऱ्या मजल्यावर हक्काचा गाळा मिळेल. गोदावरीबाईने चष्मा वर करून नकाशा निरखला आणि विचारले, "बाई, माझं गिऱ्हाईक एस.टी.तून अर्धं उतरते, कप घेते, अन् गाडी हालली का पिऊन चढते. त्याले दुसऱ्या माळ्यावरून मी कप का फेकून मारू?" मॅडमनी वहीत काहीतरी टिपून घेतले. ती मुलगी समजूतदार आहे. दोष तिचा नाही, हे मी येथे स्पष्ट नमूद करतो, कारण पुढचा परिच्छेद वाचताना तुम्हांस कोणावर तरी रागवावेसे वाटणार आहे.

नकाशात मी तुमचा भूखंड शोधला. क्रमांक एकशे बारा. रंग जांभळा. जांभळ्या रंगाचा अर्थ सूचीत पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. धनंजयराव, जेथे कुंतावहिनींनी दोरी लावून देवघराची जागा आखली आहे, त्या पुण्यभूमीवर सार्वजनिक प्रसाधन संकुल योजिले आहे. द्विमजली. आसनसंख्या चोवीस. वाढत्या लोकसंख्येच्या वाढत्या निकडी पाहता ही संख्या थोडकीच आहे, असे टिपेत म्हटले आहे. आराखडा कायम झाला तर त्या जागेवर तुम्हांस एक वीटही रचता येणार नाही.

मी तडक भय्याजींकडे गेलो. आकडा चुकला आहे, तो कमी करा, असे निवेदन केले. भय्याजी नकाशावरची नजर न काढता म्हणाले, "सर्टिफिकेट तुमचं, मास्तर. अन् कमी करा म्हणता, तर एकवीस हजार माणसं मी कोन्या गावाले नेऊन सोडू?" मग रेणू मॅडमना फोन केला आणि मंडई म्हणजे काय, हे त्यांना साडेतीन महिन्यांच्या विलंबाने सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या की प्रत्येक घराने त्या दिवशी किती पाहुणे मोजले गेले ते लेखी दिले, तर त्या आकडा बदलतील; निम्म्या घरांनी दिले तरी चालेल. मी स्वहस्ते मसुदा रचला: "सदर दिवशी माझ्या घरी मोजलेली अमुक माणसे पाहुणे असून ती माझ्या घरची नव्हेत." वाक्य निर्दोष होते. छापून आणले आणि घरोघर निघालो.

नऊ दिवस फिरलो. चहा एक्केचाळीस कप झाला. सह्या शून्य. "पाहुणे असून" इथपर्यंत प्रत्येक जण मान डोलावतो, आणि "घरची नव्हेत" ला आला की पेन खाली ठेवतो. एकाने सांगितले की सही करतो, पण मोठ्या जावयाचे नाव वगळा. दुसऱ्याने मेहुण्याला विचारून सांगतो म्हटले. मेहुण्याला फोन लागला, आणि तो आता त्या घराशी बोलत नाही. गोदावरीबाईने कागद वाचून घेतला, दुसऱ्यांदा वाचायला लावला, आणि मला बाकावर बसवले. "हे सरकारले दिलं का सरकार कपाटात ठेवन," ती म्हणाली. "पण जवायाच्या कानावर तर जाणारच. त्यानं पुसलं, आत्या, मी तुमच्या घरचा नाही का, तं मी का सांगू? वरच्या माळ्यावरची टपरी टाळाची होती म्हणू?" धनंजयराव, त्या आराखड्याने जिची टपरी जाणार आहे तीच बाई सही करेना. या गावाला परक्या माणसाकडून आकडा खोटा ठरवून घेता येईल, पण आपला माणूस परका ठरवता येणार नाही, हे मला त्या बाकावर कळले.

शेवटी घरी आलो. निदान स्वतःच्या घराचा एक कागद तरी द्यावा, म्हणजे तुमच्या भूखंडाची हरकत उभी राहील, असा हिशेब केला, आणि तो कागद जेवणाआधी रीतापुढे ठेवला. तिने तो उभ्यानेच वाचला. मग मला विचारले की यात दादाचेही नाव येते का. मी म्हटले, त्याच्यासाठीच तर चालले आहे. ती म्हणाली, "प्लॉट गेला तं गेला. दादा माझ्या घरचा नाही हे माझ्या हातानं लिहून होणार नाही." आणि तिने कागदाची घडी घालून ती डुगडुगणाऱ्या शिलाई मशीनच्या पायाखाली सरकवली. मशीन आता डुगडुगत नाही. नऊ दिवसांच्या मोहिमेचे दृश्य फलित एवढेच.

तेव्हा परिस्थिती अशी आहे, आणि ती पूर्णतः माझ्या आटोक्यात आहे. तुम्ही काळजी करू नये. काळजीचे सर्व काम येथे मी एकहाती पाहत आहे. हे पत्र केवळ खुशाली कळविण्यासाठी लिहिले असून यात कोणतीही मागणी नाही. कुंतावहिनींना माझा आदरपूर्वक नमस्कार सांगावा, परंतु जांभळ्या रंगाचा परिच्छेद त्यांना वाचून दाखवू नये.

तुमचा अपराधी, पण आप्त,
ईश्वर कापगते
सदस्य-सचिव, नगरकेंद्र नियोजन समिती
(राजीनामा दोनदा सादर, दोनदा अस्वीकृत)

ता. क. एक क्षुल्लक मागणी आहे. येत्या अठरा तारखेला हरकतींची सुनावणी आहे. रीता लिहून देत नाही आणि माझा हात धजत नाही. परंतु तुम्ही स्वतःच आपल्या हस्ताक्षरात "मी त्या दिवशी ईश्वर कापगते यांच्या घरी पाहुणा होतो, तेथील रहिवासी नाही" एवढी ओळ लिहून पाठवलीत, तर कोणीच कोणाला परके केले असे होणार नाही. ओळ लिहिताना वाईट वाटू देऊ नये. मला वाटले, तेवढे पुरे आहे.

ता. क. दुसरा. वरील ता. क. रद्द समजावा. मी पाणी प्यायला उठलो असता रीताने पत्र वाचले. ती रागावली नाही. तिने ताट वाढले, समोर बसली, आणि माझा पहिला घास होईपर्यंत थांबून म्हणाली, "दादाले कागद नोका मागू. दादालेच बोलवा." मग मी जेवण टाकून मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या की अठरा तारखेला त्या जागाही पाहणार आहेत. जागेवर घराचे जोते उभे दिसले आणि राहायला आलेली माणसे भेटली, तर त्या संकुलासाठी दुसरी जागा सुचवतील. तुमची रजा शिल्लक आहे, हे तुम्हीच मंडईत फुशारकीने सांगितले होते. ती काढावी आणि कुंतावहिनींसह येत्या रविवारी निघून यावे. जोते आठ दिवसांत होते, मिस्त्री मी सांगून ठेवला आहे, नारळ रीताने आणला आहे. तोवर निजायला आमचे घर आहे. माझ्या त्या निःसंशय सत्तावीस हजार चारशेंपैकी दोन माणसे तरी अशाने खरी होतील.

ता. क. तिसरा, आणि हा रीताने वाचलेला नाही, कारण तो मी डाकघराच्या बाकावर बसून लिहीत आहे. मॅडमनी फोनवर विचारले होते की संकुल तेथे नाही तर मग कोठे. त्या गल्लीत चोवीस आसने तर हवीतच. गल्लीत दुसरी मोकळी जागा एकच आहे. माझे परसदार, जेथे आंब्याखाली मी सकाळी खुर्ची टाकून वाचत बसतो आणि रीताची तुरई चढते. ती देण्यास मी आज दुपारी पंचायतीत लेखी संमती दिली. या वेळी कशाखालीही रेघ ओढली नाही. अठरा तारखेला संध्याकाळी ही गोष्ट तिला कळेल. त्या वेळी तुम्ही ओसरीवर बसलेले असावेत, एवढीच माझी खरी विनंती आहे. तुमच्यादेखत ती मला काही बोलत नाही. उत्तर पाठवू नये, उत्तरे ती वाचते. सरळ निघावे.